किमान नगांची अट आणि आपला शिवणवर्ग

(शिवणवर्गाच्या समारोपप्रसंगी विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

आम्ही काही कापडधंद्यातले जाणकार नव्हे. बँकेत कारकुनी करणारे आम्ही. पण काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते, ती म्हणजे माल आणि पैसा यांचे नाते. कोणाचा पैसा फिरतो आणि कोणाचा पैसा मालाच्या रूपाने कपाटात अडकतो, हे पासबुकाच्या नोंदींतून कळते. आजच्या समारंभात प्रमाणपत्रे वाटली जातील, सत्कार होतील. या आनंदाच्या प्रसंगी आम्ही एक कोरडा वाटणारा विषय निवडला आहे, तो म्हणजे 'कमीत कमी किती नग?' हा प्रश्न.

ज्या भगिनी आज शिकून बाहेर पडत आहेत, त्यांना बाजारात पाऊल टाकताच हा प्रश्न दोन्ही बाजूंनी भेटणार आहे. त्या गुलमंडीत किंवा पैठण गेटला ठोक भावाने कापड मागायला गेल्या, तर व्यापारी विचारील, "किती ताके घेणार?" त्या एखाद्या कारखान्याकडे टी-शर्ट मागायला गेल्या, तर उत्तर येईल, "तीनशे नगांच्या खाली आम्ही काम घेत नाही." आणि उद्या त्यांच्याच दारात कोणी सात ब्लाऊज, नऊ झबली असे काम घेऊन आला, तर त्यांनाही ठरवावे लागेल की हे परवडते की नाही. धंद्याच्या कागदांवर यालाच 'मिनिमम ऑर्डर क्वांटिटी' म्हणतात. आपण साध्या मराठीत 'किमान नगांची अट' म्हणू.

ही अट ऐकली की आपल्यासारख्या माणसाचे मन पहिल्यांदा खट्टू होते. आपण गरीब म्हणून आपल्याला परत पाठवले, असे वाटते. कधी कधी तसे असतेही. परंतु पुष्कळदा त्या आकड्यामागे एक हिशोब असतो. तो हिशोब समजला तर काय बोलावे, कोठे अडून बसावे आणि कोठे चार जणांना सोबत घ्यावे, हे कळते. म्हणून तो हिशोब आपण पायरीपायरीने पाहू.

आपल्या शहराचीच गोष्ट घेऊ. हिमरू आणि पैठणी यांमुळे या भागाचे नाव दूरवर गेले. हातमागावर कापड विणायचे तर आधी ताणा लावावा लागतो. शेकडो धागे एकेक करून ओवायचे, ताणायचे, नक्षीप्रमाणे मागाची जुळणी करायची, हे काम धोटा एकदाही फिरण्यापूर्वीचे आहे. एक वार कापड विणा किंवा वीस वार विणा, ही जुळणी तेवढीच करावी लागते. म्हणून कोणताही विणकर एका उपरण्यासाठी नवा ताणा लावीत नाही. एकदा लावलेल्या ताण्यावर तो जमेल तेवढे कापड काढतो. किमान नगांची अट ही काही आजच्या कारखानदाराने शोधलेली युक्ती नव्हे. ती मागाइतकीच जुनी आहे.

आता तयार कपड्यांच्या कारखान्यात या. तेथे आपल्या शिंप्यासारखा एकेक कपडा कापत नाहीत. लांब टेबलावर कापडाचे थर अंथरतात, कधी पन्नास, कधी शंभर. सर्वांत वरच्या थरावर फर्मे मांडून खुणा करतात. पन्ह्यात कमीत कमी चिंध्या निघाव्यात म्हणून कटिंग मास्तर ते फर्मे फिरवून फिरवून बसवतो. मग कापायचे यंत्र एकदा फिरते आणि सगळे थर एकदम कापले जातात. फर्मे बनवणे, प्रत्येक साईजचे वेगळे माप काढणे, नमुन्याचा कपडा शिवून दाखवणे, खुणा करणे हा सगळा खटाटोप एका थराला जेवढा, तेवढाच पन्नास थरांना. म्हणून थर थोडे असले की कारखानदार नाक मुरडतो.

रंगाचे गणित याहून कडक आहे. होजियरीचे कापड रंगवण्याचे यंत्र समजा शंभर किलोचे आहे. एका साध्या टी-शर्टला दोनशे ग्रॅमच्या आसपास कापड लागते असे धरले आणि चिंध्यांची घट वजा केली, तर त्या एका घाण्यातून चारशे-साडेचारशे टी-शर्टचे कापड निघते. यंत्र अर्धे भरले म्हणून वेळ आणि मजुरी काही अर्धी होत नाही. वाफ-पाण्याचा खर्चही त्या प्रमाणात उतरत नाही. दुसऱ्या वेळी रंगवले तर छटा तंतोतंत जुळेलच याची खात्री नसते. "तीनशे नगांच्या खाली नाही" हा आकडा पुष्कळदा येथून येतो. छपाईचेही तसेच. चित्रात जितके रंग, तितक्या जाळीच्या चौकटी बनवाव्या लागतात. चौकट एकदा बनली की चाळीस कपडे छापा किंवा चारशे छापा.

यातून एक गोष्ट लगेच हाती लागते. किमान नगांची अट ही बहुधा एका डिझाईनला आणि एका रंगाला असते. पांढरे कापड बाजारात तयार मिळते, त्यासाठी आपल्याला वेगळा रंगाचा घाणा लावावा लागत नाही. म्हणून पांढऱ्या कुर्त्याची अट सैल असते, आणि आपल्याला हवा तोच निळा रंग मागितला की ती कडक होते. हे ज्याला ठाऊक आहे तो व्यापाऱ्याला विचारू शकतो, "तुमच्याकडे तयार असलेल्या निळ्यातच दिले तर किती नग लागतील?" या एका प्रश्नाने अट कधी कधी तीनशेवरून पन्नासवर येते.

आता थोडी आकडेमोड करू. कृपया कंटाळू नका, कारण भाषणाचा सगळा जीव येथेच आहे. समजा, फर्मे, नमुना, चौकट वगैरे मिळून एकदाच करावयाचा खर्च तीन हजार रुपये आहे. आणि प्रत्येक नगामागे कापड, शिलाई, काज-बटण, इस्त्री मिळून २६० रुपये लागतात. वीस नग केले तर एकदाच्या खर्चाचे प्रत्येक नगावर १५० रुपये बसतात आणि नग ४१० रुपयांना पडतो. शंभर नग केले तर प्रत्येकावर ३० रुपये बसतात, नग २९० ला पडतो. तीनशे केले तर १० रुपये बसतात, नग २७० ला पडतो.

नीट पाहा. विसावरून शंभरावर गेल्याने नगामागे १२० रुपये वाचले. शंभरावरून तीनशेवर गेल्याने फक्त २० रुपये वाचले. सुरुवातीची वाढ फार फायद्याची असते, पुढची वाढ तितकी नसते. व्यापारी मात्र नेहमी शेवटचा, सर्वांत कमी भाव दाखवून मोह घालतो.

आणि तीनशे नगांतले सगळे विकले गेले नाहीत तर? तीनशे नगांना एकूण ८१,००० रुपये लागले. त्यांतले चाळीस पडून राहिले आणि २६० विकले गेले, तर विकलेला प्रत्येक नग साडेतीनशे नव्हे, पण ३११ रुपयांच्या वर पडला. म्हणजे शंभर नगांच्या भावापेक्षा महाग! आम्ही हिशोब करून पाहिला : तीनशेपैकी वीसपेक्षा जास्त नग पडून राहिले की 'स्वस्त पडले' हे समाधान संपते. शिवाय त्या ८१,००० वर व्याज चालू असते, आणि कपाटातल्या मालाला घडीचे डाग पडत असतात. बँकेच्या भाषेत माल म्हणजे मालमत्ता. पण खपत नसलेला माल म्हणजे केवळ घडी घालून ठेवलेले कर्ज होय. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, किमान नगांची अट भाव पाहून मान्य करू नये. आपल्याजवळ आधीच किती नक्की गिऱ्हाईक आहे, ते पाहून मान्य करावी.

संख्या मोठी झाली की सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. याचे ताजे उदाहरण आपल्या राज्यातच घडले. शाळेतील मुलांना समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला दोन गणवेश मिळतात. २०२४-२५ या वर्षासाठी राज्य शासनाने 'एक राज्य, एक गणवेश' या धोरणाखाली कापड एकत्रित खरेदी करून शिलाईचे काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत महिला बचत गटांकडे देण्याचे ठरवले. हे 'माविम' १९७५ साली स्थापन झालेले. बायकांच्या हाताला काम मिळावे हा हेतू चांगलाच होता, आणि ४० लाखांहून अधिक मुलांचे कापड एकदम घेतल्यावर नगांच्या अटीचा प्रश्न उरतच नाही. पण जून २०२४ मध्ये शाळा उघडल्या तरी अनेक ठिकाणी गणवेश पोहोचले नव्हते, आणि जे पोहोचले त्यांच्या मापांबद्दल तक्रारी आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. यातून बचत गटांच्या भगिनी कमी पडल्या असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. कापड कधी येते, कोणत्या मापात कापून येते, हे ज्यांच्या हाती नाही, त्यांच्याकडून वेळेची अपेक्षा कशी करणार? धडा एवढाच की, कापड एकत्र घ्यावे, पण माप ज्याचे त्याच्याजवळ जाऊन घ्यावे. आता समित्यांकडे काम परत आल्यामुळे आपल्या वस्तीतल्या शाळेचे गणवेश आपल्या भगिनींना मागता येतील. एका शाळेचे शंभर-दीडशे गणवेश हा आमच्या मते नवशिक्या गटाला झेपणारा आकडा आहे.

बंधू-भगिनींनो, कापडधंद्याशी आपले नाते सांगताना एक जुनी गोष्ट विसरून चालणार नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत आपली माणसे पुष्कळ होती, परंतु विणाई खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा इतर कामगारांना चालत नसे. विणाई खात्यात पगार अधिक होता. १९२८ च्या मोठ्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न स्पष्टपणे मांडला, आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी असा आग्रह धरला. कामगारांची एकी सांगणाऱ्यांनी आपल्याच खात्यातली ही भिंत आधी पाहावी, हे त्यांचे म्हणणे होते.

ती अट आणि आजची नगांची अट यांत मोठा फरक आहे. त्या अटीला कसलाही हिशोब नव्हता. कितीही कौशल्य असले, कितीही पैसे मोजले, तरी ती पुरी होऊ शकत नव्हती. ती लढूनच मोडावी लागली. आजच्या अटीला हिशोब आहे, म्हणून ती तपासता येते, कमी करून घेता येते, आणि मिळून पुरीही करता येते. परंतु हेही तितकेच खरे की, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडवल आहे त्याला तीनशे नग म्हणजे एक चेक. आणि ज्याची पहिलीच पिढी धंद्यात उतरली आहे, त्याला तीनशे नग म्हणजे बंद दार. हे दार एकट्याने ढकलून उघडत नाही.

यावर उपाय काय? तो आपल्या धम्मातच आहे, असे आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो. वर्षावास संपल्यावर कठिन चीवरदान होते, ते आपण सर्व जण पाहतो. त्यामागचा विनय पाहण्यासारखा आहे. ते कापड एका भिक्खूला दिले जात नाही, संघाला दिले जाते. थेरवाद परंपरेत त्यासाठी किमान पाच भिक्खू लागतात, असे मानले जाते. कापणे, शिवणे, रंगवणे हे सगळे त्याच दिवशी पुरे व्हावे लागते, म्हणून सारा संघ हात लावतो. आणि तयार झालेले चीवर संघ आपल्यातल्या एकाला देतो. चीवराचे तुकडे जोडण्याची ती विशिष्ट रचनाही आनंदांनी मगधातील शेतांचे बांध पाहून केली, असे विनयपिटकात सांगितले आहे. म्हणजे येथेही एक किमान संख्या आहे, पण ती नगांची नाही, माणसांची आहे. आधी माणसे जमवा, मग कापड कापा. व्यवहारातही हाच क्रम बरोबर आहे, आणि आपण मात्र पुष्कळदा उलटे करतो : आधी माल घेतो आणि मग माणसे शोधतो.

म्हणून समाजमंडळापुढे आम्ही एक सूचना ठेवतो. दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या शहरातील प्रत्येक वस्तीचे तरुण मंडळ निळे टी-शर्ट काढते. प्रत्येकाचे डिझाईन वेगळे, निळ्याची छटा वेगळी, आणि संख्या चाळीस-पन्नास. परिणामी प्रत्येक मंडळ सर्वांत महागड्या भावाने खरेदी करते. तसेच धम्मचक्र अनुप्रवर्तन दिनी विद्यापीठाजवळच्या बुद्ध लेणीवर हजारो उपासक-उपासिका पांढऱ्या वस्त्रांत येतात. ती वस्त्रेही जो तो घाईघाईने बाजारातून आणतो. आठ-दहा विहारांनी आणि मंडळांनी दोन महिने आधी एकत्र बसावे. कापड एक, छटा एक, पुढचे चित्र एक असावे. मंडळाचे नाव तेवढे पाठीवर वेगळे छापावे. मापे वस्तीवस्तीत जाऊन घ्यावीत आणि निम्मी रक्कम आगाऊ जमा करावी. चाळीस-चाळीस नगांची आठ मंडळे आली की ३२० होतात. रंगाचा एक घाणा त्यात बसतो, आणि एकही नग बिनगिऱ्हाईक राहत नाही. पांढऱ्या कुर्त्यांची तर सगळी शिलाई आपल्याच शिवणवर्गातून होऊ शकते. वर्षातून असे दोन हंगाम मिळाले, तर आज प्रमाणपत्र घेणाऱ्या भगिनींचे यंत्र गंजणार नाही.

यात एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. एक छटा आणि एक चित्र ठरवताना प्रत्येक मंडळाला आपला मान थोडा बाजूला ठेवावा लागेल. आमच्या मते कापडापेक्षा हेच अधिक अवघड आहे. पण ज्यांना आठ मंडळांचा एक रंग ठरवता येत नाही, त्यांनी महागाईबद्दल व्यापाऱ्याला दोष देऊ नये.

आता धंदा करू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, अट ऐकली की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ही अट डिझाईनला आहे, रंगाला आहे की साईजला, ते विचारा. थोडे नग घेतले तर नगामागे किती जास्त द्यावे लागतील, तेही विचारा. फर्मा आणि छपाईची चौकट जपून ठेवणार का, हेही विचारा. कारण त्या असल्या तर दुसऱ्या वेळी तो खर्च पुन्हा लागता कामा नये.

दुसरी, तुम्ही स्वतः काम घेता तेव्हा तुमचीही अट ठरवा. ओळखीच्या बाईने चार वेगवेगळ्या कापडांचे चार वेगळे कपडे आणले, तर प्रत्येक वेळी दोरा बदलणे, फर्मा काढणे यांत अर्धा दिवस जातो. "एका प्रकारचे दहा असतील तर हा भाव, एक-दोन असतील तर हा" असे फलकावर लिहून लावा. आपल्या श्रमाची किंमत सांगण्यात लाज कसली?

तिसरी, मोठ्या कामाच्या मोहात सगळे खेळते भांडवल घालू नका. उद्यम नोंदणी करून घ्या. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज मागता येते. माल दिल्याची तारीख आणि सही घेतलेले चलान मात्र जवळ हवे. कागद नसेल तर कायदाही मुका होतो.

चौथी, भांडवलासाठी खाजगी सावकाराच्या दारी जाण्यापूर्वी बँकेत या. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते. आपल्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. येताना यंत्राच्या किमतीचा कागद तर आणाच, पण नक्की झालेल्या ऑर्डरचा कागदही आणा. आम्ही कारकून मंडळी पुष्कळ अर्ज पाहतो. ज्या अर्जासोबत गिऱ्हाईकाची सही असलेली ऑर्डर असते, त्याकडे साहेब वेगळ्या नजरेने पाहतात.

भगिनींनो, सुईदोरा हाती आला म्हणजे कला आली. नगांचा हिशोब आला म्हणजे धंदा आला. आणि शेजारच्या वस्तीतल्या बहिणीची ऑर्डर आपल्या ऑर्डरीत मिळवता आली, म्हणजे संघ आला. पहिल्या गोष्टीचे प्रमाणपत्र आज तुम्हाला मिळत आहे. उरलेल्या दोन गोष्टींची सुरुवात या विहारातच, येत्या पौर्णिमेच्या बैठकीत मंडळांच्या प्रतिनिधींना बोलावून करावी, अशी अध्यक्ष महोदयांना विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय. जय भीम.